राजूची टोपी

"नाव काय रे तुझं?" डॉक्टर संघमित्रांनी विचारलं, तसं खुर्चीवरच्या चार-पाच वर्षांच्या लेकरानं आधी आईकडे पाहिलं.

"राजू," आईच बोलली. "लाजते तो, मॅडम."

बालाघाटचा मे महिना, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता, आणि लेकराच्या डोक्यावर कानटोपी! "कान दुखते त्याचा," त्याची आई रीना घाईनं म्हणाली. ती लालबर्र्याहून आली होती, तिथल्या राइस मिलमध्ये कामाला जायची. तांबी बसवूनही दिवस राहिले होते, चौदावा आठवडा सरत आला होता आणि तिला मूल नको होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "घरी काय आहे?"

"एक पोरगी, अन् हा पोरगा."

हुश्श! घरात मुलगा आहे म्हणजे काळजी मिटली. गर्भपाताला कायद्याची आडकाठी नव्हतीच. अशा बाईला वीस आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, हे डॉक्टरांना तोंडपाठ होतं. भीती होती ती दुसऱ्या कायद्याची, गर्भलिंग तपासण्याविरुद्धच्या. घरी दोन मुली आणि बारा आठवडे उलटलेले, म्हणजे पोटातली पोरगीच पाडायला आली असणार, असा संशय तपासणीला येणारे साहेब घेणार. मग सोनोग्राफीच्या मशीनला सील, कोर्टाच्या चकरा, गावभर बोभाटा. नको रे बाबा! म्हणून दोन मुलींची आई आली की डॉक्टर तिला सरळ गोंदियाचा रस्ता दाखवत. आपण स्वतः आईबापांची तिसरी मुलगी, तेव्हा आपण मुलीच वाचवतो आहोत, असं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेत.

"उद्या उपाशीपोटी ये, भरती करून घेऊ," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात लेकरू खुर्चीवरून उतरलं, टेबलाला वळसा घालून आलं आणि सर्वांत खालच्या खणावर हात ठेवून उभं राहिलं. चॉकलेटं त्याच खणात असायची. पहिल्यांदा येणाऱ्याला ते कळायचं कारण नव्हतं. मागच्या आठवड्यात मात्र डॉक्टरांनी इथूनच एका चिमुरडीला चॉकलेट दिलं होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी. तिच्या आईला नाही म्हणताना जरा वाईट वाटलं होतं, म्हणून. दिवसाला इतक्या बायका येतात, आईचा चेहरा काही त्यांच्या लक्षात राहिला नव्हता.

त्यांनी हळूच टोपी वर केली. केस कात्रीनं वेडेवाकडे कापलेले. कानातले काढल्यावर भोकं बुजू नयेत म्हणून कडुलिंबाच्या काड्या घातलेल्या.

रीना रडायलाच लागली. "मयुरी आहे, मॅडम. काय करू मंग? त्या दिवशी दोन पोरी म्हटलं त तुमी वापस पाठवलं. गोंदियाले कोन नेते मले? पोरीचे बाबा नागपूरले कामावर. पोटात काय आहे ते मले पायचंच नाई वो. मले मूलच नको. मागच्या टायमाले खून जाऊन जाऊन मरता मरता वाचली मी. पोरगा दाखवला त करसान, असं वाटलं."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई खरं बोलली तेव्हा तिला हाकललं, खोटं बोलली तेव्हा लगेच भरती करायला निघालो. लाज वाटली त्यांना, स्वतःची आणि त्या पाठ थोपटण्याची.

"केस काहून कापले वो पोरीचे..." एवढंच आधी त्यांच्या तोंडून निघालं. मग म्हणाल्या, "चुकी माझी आहे, रीना. याले पोरगा लागत नाई. तू उद्या ये, या पोरीलेच घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सगळं नीट पार पडलं. संध्याकाळी डॉक्टर मुद्दाम चॉकलेट घेऊन व्हरांड्यात आल्या. बाकावर रीनाची सासू दुर्गाबाई पेंगत होती आणि मयुरी तिच्या बांगड्यांशी खेळत होती. अंगात फ्रॉक, टोपी बाजूला पडलेली.

पोरीनं डॉक्टरांना पाहिलं मात्र, झटकन टोपी उचलली, दोन्ही हातांनी कानांखाली ओढली आणि ताठ उभी राहिली.

"राजू," कुणी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं.