थंड आहे, असे ती म्हणाली नाही

शनिवारी सकाळी अकरा वाजता परीक्षेची वेळ संपली. परीक्षकांनी हात पुढे केला. रुचिराने रिमोट त्यांच्या हातात दिला नाही. घटना एवढीच आहे. तेव्हापासून तिचा निकाल अडला आहे, आणि निकालावाचून तिची नोकरीही अडली आहे.

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. ती परीक्षा माझ्यावरच झाली, म्हणून ही हकीकत मी सांगत आहे. पण आधी माझी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर त्या रिमोटचे एवढे काय, हे तुम्हाला कळणार नाही.

माझा जन्म चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात झाला. माझे शरीर दोन भागांत आहे. आतला भाग खोलीत राहतो आणि गार वारा देतो. बाहेरचा भाग भिंतीपलीकडे उन्हात राहतो आणि खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. मध्ये तांब्याच्या दोन नळ्या असतात, एक जाड आणि एक बारीक. त्यांतून गॅस फिरतो. तोच माझा प्राण.

माझी पहिली नोकरी चेन्नईच्या अड्यार भागातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होती. डोळ्यांत औषध घालून मिटल्या डोळ्यांनी बसलेली माणसे माझ्या वाऱ्याकडे तोंड करून बसत. आजीबाई डोक्यावर पदर ओढून घेत आणि तरीही खुर्ची बदलत नसत. मे महिन्यात चेन्नईत ज्या दिवसांना अग्नी नक्षत्र म्हणतात, त्या दिवसांत तर काही लोक चष्म्याचा नंबर तपासून झाल्यावरही उठत नसत. डॉक्टर सगळ्यांना अभिमानाने सांगत, "याने मला कधी त्रास दिला नाही."

त्रास दिला नाही, म्हणून कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही. माझी जाळी धुळीने भरली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या भागाचे पत्रे खाल्ले. शेवटी दवाखान्यात नवा एसी आला आणि मी गच्चीवर गेलो. तिथे एका पारव्याने माझ्या पंख्यात घरटे केले. त्या काळात माझा तेवढाच उपयोग झाला.

गच्चीवरून मला गुरुराज सरांनी आणले. ते पश्चिम तांबरममध्ये एका प्रशिक्षण केंद्रात एसी आणि फ्रिजची दुरुस्ती शिकवतात. ते तंजावरकडच्या मराठी घरातले आहेत. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले. त्यांच्या मराठीत तमिळ अशी मिसळली आहे की दोन्ही भाषा येणाऱ्यालाही कान द्यावा लागतो. त्यांनी मला धुतले, पुसले आणि एका लोखंडी चौकटीवर बसवले. आतला भाग वर, बाहेरचा भाग खाली. इतके उन्हाळे एकत्र काम करूनही माझ्या दोन भागांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, कारण दवाखान्यात मध्ये भिंत असे आणि गच्चीवर ते दोन कोपऱ्यांत पडले होते. ते त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर आले.

इथे माझे काम एकच आहे, ते म्हणजे बिघडणे. रोज संध्याकाळी मुले गेली की गुरुराज सर माझ्यात एक खोड करून ठेवतात. कधी एखादी तार सैल करतात. कधी गॅसची झडप अर्धी मिटतात. एकदा त्यांनी आपल्या जुन्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, तुकडा माझ्या जाळीमागे कोंबला होता. सकाळी विद्यार्थ्यांनी खोड शोधायची, दुरुस्त करायची, आणि मग या वर्गाचा जो रिवाज आहे तो पाळायचा. रिमोट सरांच्या हातात द्यायचा आणि तोंडाने म्हणायचे, "थंड आहे, सार." इकडे सरला सार म्हणतात. तोपर्यंत काम झाले असे धरत नाहीत. एकदा तसे म्हटले की मात्र जबाबदारी म्हणणाऱ्याची.

या चौकटीसमोर मी बरीच माणसे पाहिली. दहावीनंतर काय करावे हे न कळलेली पोरे पाहिली. वीस वर्षे रिक्षा चालवून पाठ धरलेले एक गृहस्थ पाहिले. आता ते आणि त्यांचा मुलगा मिळून एका हॉटेलातले फ्रिज सांभाळतात. यंदाच्या तुकडीत एन्नोरची रंजनी होती. कोळीवाड्यातली मुलगी, वय एकोणीस, जीभ धारदार. पहिल्याच दिवशी तिने माझ्या कॉम्प्रेसरला कान लावला आणि जाहीर केले, "सार, याला दमा झालाय." झडप अर्धी मिटलेली होती. तिने बरोबर ओळखले होते.

आणि रुचिरा होती. ती साताऱ्याची. आठ वर्षे एका आयटी कंपनीत लोकांच्या हजेरीचा आणि सुट्ट्यांचा मेळ घालत होती. मग ते काम संगणक आपणच करू लागला आणि तिची खुर्ची गेली. घरच्यांनी परत बोलावले, पण तिला चेन्नई सोडायची नव्हती. चौतिसाव्या वर्षी ती पाना हातात धरायला आली.

"अगो, पाना कसा धरलीस!" गुरुराज सर म्हणाले. "दोसा उलटायचा आहे का तुला?"

"दोसा तरी कुठे येतो मला, सर?"

"येतो म्हणून सांगू नको. रंजनी खायला मागेल."

रंजनीला मराठी येत नाही, पण दोसा आणि स्वतःचे नाव तिने ऐकले. ती तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, सार माझ्याबद्दल काय म्हणतात? खरं सांगा, नाहीतर तुमचा पाना लपवीन."

रुचिराला सरांची मराठी फार आवडे. एकदा ती म्हणाली, "सर, तुम्ही बोलता तेव्हा मला इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसल्यासारखं वाटतं."

"बस की," सर म्हणाले. "तिकडं एसी नाही मात्र."

शिकताना तिच्या बऱ्याच चुका झाल्या. सुरुवातीला ती प्रत्येक स्क्रू काढण्याआधी विचारी, "हे कुठे लिहिलंय का, सर?" सर म्हणत, "नळीवर हात ठेव. तिथं लिहिलंय." हळूहळू ती हात ठेवायला शिकली. जाड नळी किती गार असावी, बारीक नळी किती, पंख्याच्या आवाजात कुठे खरखर आहे, हे तिला कळू लागले. जुनी एक सवय मात्र तिने सोडली नाही. मेळ बसेपर्यंत ती जागेवरून उठत नसे. रंजनी घरी जाई, दिवे लागत, आणि रुचिरा माझ्या आतल्या भागाखाली तळहात धरून बसलेली असे.

वर्ग संपत आला तेव्हा रंजनीला श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात काम मिळाले. कंपनीची बस तिला घ्यायला येणार म्हणून तिने सगळ्यांना पेढे वाटले, माझ्या चौकटीवरही एक ठेवला. रुचिराला तांबरमच्या एका रुग्णालयाने निवडले. तिथे लशी ठेवण्याची थंड खोली आहे. त्या खोलीची देखभाल तिने करायची. अट एकच होती. शेवटची परीक्षा पास झाल्याचे कळवायचे, मंगळवारपर्यंत.

मित्रांनो, आता शनिवारकडे येतो.

परीक्षा घ्यायला बाहेरून इळंगो सार आले होते. कडक पण सरळ माणूस. त्यांनी सकाळी दार लावून माझ्यात एकच खोड केली. बाहेरच्या पंख्याला जोर देणारा जो छोटा डबा असतो, कपॅसिटर, तो काढून तिथे मेलेला कपॅसिटर बसवला. रुचिराने ते लवकर ओळखले. नवा बसवला. पंखा फिरू लागला. आतून वारा येऊ लागला. रंजनीने खिडकीतून अंगठा दाखवला. आता फक्त रिमोट द्यायचा होता.

रुचिराने नळ्यांवर हात ठेवला. बारीक नळीवर पांढरा, पातळ बर्फ धरत होता. तो तिथे नसायला हवा; जाळी तुंबली किंवा गॅस कमी पडला की तो धरतो. तिने जाळी काढून पाहिली. जाळी स्वच्छ होती. मग तिने नळी जिथे बाहेरच्या भागाला जोडलेली आहे, त्या नटापाशी बोट फिरवले. बोटाला तेल लागले. गॅस गळतो तिथे त्याच्याबरोबर तेलही पाझरते. तिने त्यावर साबणाचे पाणी लावले आणि वाकून पाहत राहिली. एक बारीक बुडबुडा फुगत होता, फार सावकाश. फुगत होता की पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, हे सांगणे कठीण होते.

तेवढ्यात अकरा वाजले.

"रिमोट," इळंगो सार म्हणाले.

"सार, इथून गॅस गळतोय," रुचिरा तमिळमध्ये म्हणाली. तिची तमिळ कामापुरती आहे.

"मी एकच बिघाड केला होता. तो तुम्ही काढला. छान काढला. रिमोट द्या."

"पण हे बरोबर नाही. गॅस कमी आहे."

"हे शिकवणीचं मशीन आहे, अम्मा. रोज नळ्या लावता, काढता. थोडा गॅस जातोच. आणि तेल म्हणाल तर जोडताना तुम्हीच लावता."

हे सगळे खरे होते. इळंगो सार खोटे काही बोलले नाहीत.

"सार, रिमोट दिला की 'थंड आहे' म्हणावं लागतं," रुचिरा म्हणाली. "थंड नाहीये. मी कसं म्हणू?"

खिडकीतून रंजनी दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, म्हणून टाका ना! नंतर बघू! नोकरी जाईल!"

रुचिराने तिच्याकडे पाहिलेही नाही. तिचा चेहरा उतरला होता, पण रिमोट तिच्या मुठीतच राहिला.

इळंगो सारांनी तिला नापास केले नाही. पासही केले नाही. ते गुरुराज सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "हिने गळती म्हटलं आणि गळती नसली, तर चांगल्या मशीनला आजारी म्हणणं हीसुद्धा चूकच. मला पास करता येणार नाही."

"आणि असली तर?" गुरुराज सरांनी विचारले.

"असली तर असल्याचं दाखवा."

मग ठरले ते असे. माझ्यातला गॅस काढून घ्यायचा. त्याऐवजी नायट्रोजन दाबून भरायचा. दाब दाखवणारे घड्याळ नळीला लावून काटा जिथे असेल तिथे काचेवर लाल खूण करायची. गळती असेल तर काटा उतरेल. सोमवारी दुपारी इळंगो सार येऊन पाहतील. गुरुराज सरांनी खूण केली आणि चौकटीभोवती दोरी बांधली. दोरी बांधता बांधता ते रुचिराला म्हणाले, "अगो, जेवून घे. उपाशी बसलीस म्हणून काटा हलायचा नाही."

ती हसली नाही. "सर, मी चुकले असेन तर?"

"चुकली असशील तर परत परीक्षा देशील. पुढच्या तुकडीबरोबर."

"तोवर ती जागा राहणार नाही."

सरांनी दोरीची गाठ पुन्हा आवळली.

इथे मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मला गळती जाणवत नाही. माणसाला जखम दुखते, तसे एसीला दुखत नाही. मला एवढेच ठाऊक आहे की तांब्याच्या नळीचे टोक तुतारीच्या तोंडासारखे पसरवून नटाखाली बसवतात, आणि हा नट आजवर प्रत्येक तुकडीने आवळला आहे. जास्त आवळले म्हणजे जास्त पक्के, असा प्रत्येक तुकडीचा समज असतो. सर मागून ओरडत, "पुरे गो, गळा आवळतेस का त्याचा!" तोवर आणखी एक वेढा बसलेला असे. तांबे मऊ असते. त्याची तक्रार ते लगेच करत नाही.

आज सोमवार. पहाटे पाऊस पडून गेला. सकाळी केंद्र उघडले तेव्हा काटा खुणेच्या थोडा खाली होता. रंजनीने टाळी वाजवली. कारखान्यात रुजू व्हायला तिला अजून अवकाश आहे, म्हणून ती आली होती. गुरुराज सरांनी तिला थांबवले. "पावसानं गारवा आलाय. गारव्यात काटा उतरतोच, उन्हात चढतो. गळती नसली तर दुपारी परत खुणेवर यायला पाहिजे. तोवर नाचू नको."

मित्रांनो, थोडी विनंती करतो. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर तो त्रास देत नाही म्हणून त्याला विसरू नका. त्याची जाळी काढून धुवा. तो काही म्हणणार नाही. आणि तुमच्या दारात कोणी दुरुस्तीला आले, नळीवर हात ठेवून थांबले आणि म्हणाले की अजून ठीक नाही, तर घड्याळ दाखवून त्याला घाई करू नका. शिकायला त्याला कोणीतरी वेळ दिलेला असतो. तुम्हीही थोडा द्या.

आता दुपार झाली आहे. पाऊस केव्हाच ओसरला. केंद्राच्या पत्र्यावर ऊन तापले आहे. रंजनी वहीने स्वतःला वारा घालते आहे. रुचिरा दोरीच्या अलीकडे स्टुलावर बसली आहे आणि काट्याकडे सोडून सगळीकडे पाहते आहे. रुग्णालयातून सकाळी फोन आला होता. तिने उद्यापर्यंत थांबा म्हटले.

गुरुराज सर घड्याळापाशी वाकले आहेत. पत्रा सकाळपेक्षा पुष्कळ तापला आहे. काटा लाल खुणेच्या खाली आहे, सकाळी होता त्याहून खाली. इळंगो सार अजून आलेले नाहीत.