ठकी रडत नाही

जखमाताईनं नायिकेच्या तळहातावर रबरी चिकाचा शेवटचा थर बोटानं दाबला, त्यात कापसाचा एक तंतू आडवा टाकला आणि चिमट्यानं तो असा काही उचलला, की सोललेली कातडीच वर आल्यासारखी दिसली.

"ईऽऽ!" नायिकेनं मान फिरवली. "ताई, माझा नाश्ता अजून पचायचाय हो."

"पचव की. हात तेवढा हलवू नकोस."

तिचं खरं नाव मालिकेच्या नामावलीत शेवटी बारीक अक्षरात सरकून जायचं. सेटवर तिला ओळखत होते ते जखमाताई म्हणूनच. तिनं रंगवलेलं फुटकं डोकं बघून एकदा चौकशीला आलेला विमावाला भोवळ येऊन पडला होता. त्याला आलेलं खरं टेंगूळ तिच्या कामापुढे अगदीच फिकं दिसलं, असं दिग्दर्शक अजूनही रंगवून सांगायचा. मालिका होती आगीनं, पात्यानं, गोळीनं कशानंच न दुखणाऱ्या एका मुलीची. त्यामुळे जखमाताईला उसंत नव्हती.

कोपऱ्यातल्या दुसऱ्या आरशापुढे उंच स्टुलावर तिची सहा वर्षांची मुलगी ठकी पाय हलवत बसली होती. शाळेला सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून तिला बरोबर आणलं होतं. पोर गुणी. एक रंगाची जुनी डबी हातात दिली की दोन तास तिचा आवाज नाही. नकली कातडीचा डिंक नि रंग सोडवायच्या औषधाची बाटली उघडली की बाहेरचा पहारेकरीसुद्धा नाक दाबून दार ओढून घ्यायचा. ठकी मात्र त्या उघड्या बाटलीपाशीच खुशाल चित्र काढत होती.

"आई, माझी बघ."

तिनं हात पुढे केला. कोपराच्या खाली रुपयाएवढा लालभडक चट्टा होता, मधे पांढुरका फोड आणि कडेला ओली चकाकी. त्यांच्या घरात जखम ही करायची गोष्ट होती. सुट्टीच्या दिवशी मायलेकी एकमेकींच्या गुडघ्यांवर खरचटी काढत बसायच्या. जखमाताईनं मान तिरकी करून धंद्याच्या नजरेनं पाहिलं.

"फोड झकास जमलाय गं. पण कड फार गोल झाली. खरं भाजलेलं असं वाटीनं आखल्यासारखं नसतं."

"गोल नको?"

"जराशी फाटकी हवी."

ठकीनं नखानं फोडाची कड एका बाजूनं सोलली.

"अश्शी!" जखमाताई म्हणाली.

"पोर आईच्या वरताण निघणार," नायिका म्हणाली आणि आपला पोळलेला हात सांभाळत चित्रीकरणाला गेली. जखमाताईला फार बरं वाटलं. कौतुक करणारं कोणी भेटलं की तिला दिवसभर पुरायचं.

मग मास्तर आले. मास्तर म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक. दर भागाच्या शेवटी दोन मिनिटं येऊन ते नायिकेच्या शक्तीमागचं खरं शास्त्र सांगायचे. त्या दोन मिनिटांत घरोघरी लोक पाणी प्यायला उठतात, असं दिग्दर्शक तोंडावर म्हणायचा. मास्तर मात्र चार पुस्तकं चाळून, शर्टाला इस्त्री करून यायचे.

"ताई, पावडर लावता लावता ऐका. कंटाळा आला की सांगा."

"सांगेन. लाजणार नाही मी."

मास्तरांनी घसा खाकरला. "तर बालमित्रांनो, ज्याला वेदनाच होत नाहीत असा माणूस खरंच असतो का? असतो. लाखो लोकांत एखादा. बोट पोळलं, की आपल्या नसांतून मेंदूकडे निरोप धावतो. या माणसांच्या नसांमधलं, तो निरोप पुढे सोडणारं एक इवलंसं दार जन्मापासून उघडतच नाही. त्यांना स्पर्श कळतो, गुदगुल्या होतात. दुखणं तेवढं पोचत नाही."

"चैनच आहे की! डोकेदुखी नाही, बाळंतपणाच्या कळा नाहीत."

"चैन कसली डोंबलाची!" मास्तरांचा आवाज शिकवण्यातून बोलण्यात आला. "हे मी टीव्हीवर सांगणार नाही, पोरं घाबरतील. पण अशी मुलं दात आले की स्वतःचीच जीभ चावून ठेवतात. मोडलेल्या हाडानिशी हिंडतात. पोटात काही फुटलं तरी खेळत बसतात. काहींची तर मोठं व्हायची वेळच येत नाही. आणि घरचे काय म्हणत असतात ठाऊक आहे? काय गुणी बाळ, रडतच नाही!"

जखमाताईचा हात त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर थांबला.

"त्यातल्या बऱ्याच जणांना वाससुद्धा येत नाही," मास्तर आपल्याच नादात होते. "वासालाही तेच दार लागतं ना."

तिनं बाटलीकडे पाहिलं. मग ठकीकडे पाहिलं.

वर्षाची असताना ठकीचं तोंड रक्तानं भरलं होतं. दात येतायत, चालायचंच, असं सगळे म्हणाले. लस टोचली तेव्हा ठकीनं दुसरा दंड आपणहून पुढे केला. नर्सबाई खूश झाल्या आणि ती गोष्ट जखमाताईनं साऱ्या नातेवाइकांना मीठमसाला लावून सांगितली. माझी ठकी म्हणजे वाघीण आहे वाघीण! गेल्या वर्षी झोपाळ्यावरून पडली आणि तीन दिवस त्याच हातानं चेंडू झेलत राहिली. हात सुजून दुप्पट झाला तेव्हा कुठे कळलं. हाड मोडलं होतं. पोरीच्या सोसण्याचं डॉक्टरांनीसुद्धा कौतुक केलं, आणि जखमाताईनं ते हसत ऐकून घेतलं होतं.

"ताई? नाक राहिलं."

"ठकी," ती म्हणाली. "इकडे ये बघू."

ठकी उड्या मारत आली. जखमाताईनं कापसाचा बोळा औषधात बुडवला आणि त्या चट्ट्यावरून फिरवला. ठकीच्या डबीतला कोणताही रंग पहिल्या फटक्यात निघायचा. बोळा पांढराच राहिला. तिनं पुन्हा फिरवला, जरा जोरात. तो पिवळसर झाला आणि फोडाची कातडी त्याला चिकटून सरकली. ते औषध धडधाकट कातडीलाही चरचरायचं. ठकी मास्तरांकडे बघून खिदळत होती.

"आई, त्यांचं नाक बघ! अर्धंच पांढरं!"

"ठकी, हे कशानं केलंस?"

"केलं नाही, झालं. दिव्याला हात टेकला होता. म्हणून तर तुला म्हटलं, बघ."

आरशाभोवतीचे गोल दिवे सकाळपासून पेटलेले होते. जखमाताईनं बोळा खाली ठेवला. पाहिलं होतं की मी! पाहिलं, आणि कड फाडायला लावली!

मास्तर खुर्चीतून उठले होते. ठकीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचं हसू गेलं. मग एकाएकी तिनं डोळे घट्ट मिटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला.

"आई गंऽऽ! दुखतंय! खूप खूप दुखतंय!"

"हुश्श!" मास्तर मटकन खाली बसले. "अहो ताई, दुखतंय तिला. मी मेला उगाच तुमच्या पोटात गोळा आणला."

जखमाताईच्या जिवात जीव आला. तिनं पोरीला उचलून कवटाळलं, तिचे पटापट मुके घेतले. रड बाळा, रड, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आजवर कोणाच्या रडण्यानं तिला एवढा आनंद झाला नव्हता. ठकीचा आवाज आणखी चढला. मग मधेच तो थांबला. तिचं तोंड आईच्या कानाशी आलं. गाल कोरडे ठणठणीत होते.

"आई, एवढं पुरे, का अजून?"

"काय पुरे?"

"रडणं." ठकी कुजबुजली. "हात मोडला होता तेव्हा तूच म्हणालीस ना, अगं, रडली नाहीस तर मला कळणार कसं? म्हणून आता मी आठवणीनं रडते. शाळेत पण रडते. मघाशी विसरले."

बाहेरून दिग्दर्शकाची हाक आली, जखम अजून गडद हवी होती. जखमाताई हलली नाही. तिनं ठकीला स्टुलावर बसवलं, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं,

"मी रागावणार नाही हं. अजून कुठं कुठं विसरलीस?"

ठकीनं थोडा विचार केला. मग ती वाकून बुटाची नाडी सोडायला लागली.