वीस तोंडांचा फासा आणि सात नंबरचं टेबल

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. फासा म्हटलं की तुम्हाला सापशिडी आठवणार, हे मला पाठ आहे. पण सापशिडीच्या फाशाला सहाच तोंडं, मला वीस! शून्य ते नऊ हा प्रत्येक आकडा माझ्या अंगावर दोनदा कोरलेला आहे. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझी एकेक कड भिंगाखाली धरून पाहिली. कारण माझं काम एकच होतं आणि ते भलतंच अवघड होतं. कोणाचीही भीड धरायची नाही.

माझी नेमणूक झाली जपानातल्या समुद्रकाठच्या एका गावी, संत्र्यांच्या फोडी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात. भराईच्या खोलीत दहा टेबलं होती, शून्य ते नऊ. प्रत्येक टेबलाशी एक बाई आणि एक वजनकाटा. डब्यात अडीचशे ग्रॅम फोडी भरायच्या आणि डबा पुढे सरकवायचा.

मी येण्यापूर्वी तिथे गंमतच चाले. तपासनीस आला की बायका आपला सर्वांत देखणा डबा त्याच्या हाती देत. लबाडी म्हणून नव्हे हं! पाहुण्याच्या पानात चांगलं ते वाढावं, ही त्यांची रीत. हलका डबा साहेबांपुढे धरणं त्यांना उद्धटपणाच वाटे. त्यामुळे वहीत सगळं झकास आणि गिऱ्हाइकांची पत्रं मात्र तक्रारींची.

मग शहरातून सुगाया नावाचा सव्वीस वर्षांचा शिक्षक आला. दर बुधवारी जेवण झाल्यावर, भाजलेल्या पानांच्या चहाची किटली मध्ये ठेवून, तो बायकांना सरासरी काढायला, आलेख मांडायला शिकवू लागला. त्याने खिशातून मला काढलं आणि सांगितलं, "आजपासून तासातासाला हा फासा टाकायचा. तो सांगेल ते टेबल, आणि तो सांगेल तितकावा डबा. निवडानिवड बंद."

सात नंबरवर बसायच्या फुसाए-सान. ('सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव'.) वय शेहेचाळीस, त्या टेबलावर अकरा वर्षं, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच आठवड्यात एका दिवशी उन्हं कलल्यावर मी तीनदा सातावर पडलो. तिन्ही डबे चुकले. मुकादम ओगाता-सान येऊन म्हणाले, "फुसाए-सान, हात ढिला पडला तुमचा. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही, तर टेबल सोडून सालं उचलायला जावं लागेल."

सालं उचलणं म्हणजे अंगणातल्या थंडीत टोपल्या वाहणं. फुसाए-सान गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि सगळं खापर फुटलं माझ्या डोक्यावर.

"हा मेला फासाच वाकडा आहे! माझ्यावर डूख धरून बसलाय!"

शेजारच्या मिसाओ-सान हसल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

पण सुगाया हसला नाही. "वाकडा असेल तर सिद्ध करा," तो म्हणाला. "घरी न्या. दोनशे वेळा टाका. दर आकड्याची नोंद ठेवा."

मित्रांनो, एखाद्यावर खटला चालावा आणि साक्षीदारही त्यानेच व्हावं, तशी माझी गत झाली. संध्याकाळी फुसाए-सान बैठ्या टेबलावर मला आपटू लागल्या. त्यांचे यजमान मासे साफ करता करता म्हणाले, "या वयात जुगार शिकतेस होय गं?"

"गप्प बसा. मोजतेय मी."

बुधवारी त्यांनी कागद सुगायापुढे टाकला. "बघा! प्रत्येक आकडा वीस वेळा यायला हवा होता. सात आलाय सत्तावीस वेळा!"

"आणि सहा फक्त सोळा वेळा," सुगाया म्हणाला. "सहा नंबरवाल्या बाईंवर त्याची मर्जी आहे का? अहो, चांगल्या फाशातही एवढं इकडेतिकडे होतंच. ते किती झालं तर संशय घ्यायचा, याचाही हिशेब असतो." मग प्रत्येक आकड्याचं वीसपासूनचं अंतर घे, त्याचा वर्ग कर, विसाने भाग, सगळ्यांची बेरीज कर, असं त्याने त्यांच्याकडूनच करून घेतलं. उत्तर आलं पाच आणि थोडं. सतराच्या पुढे गेलं, तर हा फासा कचऱ्यात टाका, असं तोच म्हणाला होता.

मी सुटलो! पण खरं सांगू? फुसाए-सानचा चेहरा बघून मला आनंद होईना.

त्या मात्र हटल्या नाहीत. त्यांनी आपल्या चाळीस डब्यांची सरासरी काढली. "दोनशे एकावन्न! आता बोला!"

"सरासरी छान आहे," सुगाया हळूच म्हणाला. "पण एक डबा दोनशे तीस, एक दोनशे सत्तर. गिऱ्हाईक सरासरी खात नाही हो, डबा खातं. तुमचा फैलाव मोठा आहे."

फैलाव! तो शब्द त्यांना झोंबला. पण आता त्यांना मोजण्याची चटक लागली होती. काटा बिघडला असेल म्हणून त्यांनी मिसाओ-सानशी काटा बदलून पाहिला. मिसाओ-सानचे डबे पूर्वीसारखेच नीट आले आणि फुसाए-सानचे पूर्वीसारखेच वाकडेतिकडे. म्हणजे दोष काट्याचाही नाही. मग त्यांनी तेच चाळीस डबे वेळेप्रमाणे वेगळे लावले. सकाळचे सगळे ठिपके रेघेला धरून होते. तीननंतरचे मात्र शेळ्या उधळाव्यात तसे पांगलेले.

थंडीत तीननंतर त्या खोलीत उजेड मंदावे. फुसाए-सान त्या ठिपक्यांकडे कितीतरी वेळ बघत बसल्या. त्या दिवशी फासा टाकायची पाळी त्यांचीच, म्हणून मी त्यांच्या एप्रनच्या खिशात होतो. त्यांचा हात खिशात आला आणि त्याने मला घट्ट धरलं.

कारण त्यांना कळलं होतं. दोन वर्षं उजेड उतरला की त्यांना काट्याची बारीक रेघ दिसत नव्हती, त्या अंदाजानेच भरत होत्या. पण त्या खोलीचा एक अलिखित नियम होता. वाफेने चष्मा धुरकटतो, म्हणून चष्मा लागला की बाईचं टेबल गेलं. गप्प बसावं, तर हात ढिला म्हणून टेबल जाणार. बोलावं, तर डोळ्यांमुळे जाणार.

महिन्याच्या शेवटच्या बुधवारी मुकादम स्वतः वर्गाला आले. फुसाए-सानने फळ्यावर आपला आलेख टांगला. अशा वेळी कोणाचं नाव घ्यायचं नाही, 'एक कामगार' म्हणायचं, असा संकेत होता. त्यांनी कारणाच्या जागी स्वच्छ लिहिलं: फुसाएचे डोळे.

"फासा सरळ आहे. काटा सरळ आहे. हातही ढिला नाही," त्या म्हणाल्या. "मला जवळचं दिसत नाही. मी लपवलं. सालांकडे पाठवायचं तर पाठवा, पण आळशी म्हणू नका."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मिसाओ-सान उठल्या आणि त्यांनी एप्रनच्या आतून सुरकुतलेल्या रुमालात बांधलेला चष्मा काढला. "माझं सालांच्या टोपल्यांशी वैर आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून मी वाकून काट्याला नाक लावते." चार नंबरच्या बाईंनी काढला. नऊ नंबरच्या बाईंनीही काढला, मग आणखी दोघींनी. दहा जणींत पाच चष्मे!

सगळ्यांनी मुकादमांकडे पाहिलं. ते आलेखाजवळ गेले, मग दोन पावलं मागे आले, मग आणखी एक पाऊल मागे. शेवटी त्यांनी नि:श्वास टाकून कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि आपला चष्मा नाकावर चढवला.

"हं," आलेख नीट वाचून ते म्हणाले. "उद्या टेबलांवर दिवे लागतील. वाफेचा पाइपही त्या कोपऱ्यात वळवा. आणि फुसाए-सान, सुट्टी घेऊन आधी डोळे तपासून या. सात नंबर रिकामं ठेवतो."

मित्रांनो, पुढे फुसाए-सान आणखी तेरा वर्षं त्याच टेबलावर बसल्या, आणि नव्या मुलींना ठिपके मांडायला त्याच शिकवू लागल्या. आता वजन यंत्रच करतं, आकडेही यंत्रच निवडतं, आणि मी वाळलेल्या पेनांबरोबर एका खणात पडून असतो. तक्रार नाही माझी. माझ्या कडा अजून शाबूत आहेत.

फक्त एक मागणं आहे. एखादा आकडा तुमच्याकडे बोट दाखवू लागला, तर त्याच्यावर खुशाल चिडा, त्याला दोनशे वेळा आपटा. पण मोजणं अर्ध्यावर सोडू नका. आणि कोणी खाली मान घालून आपली चूक फळ्यावर लिहीत असेल, तर त्याला एकटं उभं ठेवू नका. तुमच्या खिशात काय आहे, तेही बाहेर काढा.