हातावरचा घास

वेंकटराव मोठे हिशेबी. मुलावर, गणेशकुमारवर, फिल्म काढायला मद्रासहून श्रीविद्या आली, तेव्हा त्यांनी अटी घातल्या: पोराचं तोंड काळोखात राहील, आणि बोलेल ते पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेल्या घरच्या मराठीत. गल्लीत नुकतंच केबल आलं होतं, मुलीचं, हरिणीचं, लग्न ठरायचं होतं. एड्स हा शब्द बाहेर पडला असता, तर आलेली स्थळं तिरुवैयारूच्या बसनं परत गेली असती.

"आपली भाषा इथे कळतेय कुणाला?" असं बायकोला, धनलक्ष्मीला, सांगून ते स्वतःच्याच अकलेवर खूश झाले. शूटिंगच्या दिवशी देवळात जाऊन बसले.

पावसाळ्यात गणेश गेला. नंतर श्रीविद्या कॅसेट घेऊन परत आली.

"सार, ते काय बोललेत, आम्हाला कळत नाही. पुण्याच्या एका बाईंना ऐकवलं, त्यांनीही हात टेकले. तुम्ही तमिळमध्ये सांगा, आम्ही चित्राखाली लिहू."

"सांगा की," धनलक्ष्मी म्हणाली. "अटी घालायला बरे पुढे होतात."

टीव्हीवर नुसती काळी आकृती. कान तेवढे ओळखू आले, थेट बापाचे. ताप, गोळ्या, तुटलेले मित्र, सगळं वेंकटराव नीट सांगत गेले. मग कुणीतरी विचारलं, घरचे कसे वागतात?

"अप्पा ना?" आकृती हसली. "लहानपणी गच्चीवर सांबारभात कालवून आमच्या हातावर घास ठेवायचे. अजून ठेवतात. पुरे म्हटलं तरी एक जास्तीचा."

गणेश आजारी पडल्यापासून वेंकटराव मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी केळीचं पान ठेवून ते काठीनं आत सरकवायचे. भात सांडायचा. "राहू द्या अप्पा, मी घेतो," गणेश म्हणायचा.

"सार?"

"खोटं आहे ते. लिहा, बापानं त्याला शिवलंसुद्धा नाही."

"अहो," धनलक्ष्मी म्हणाली, "तोंड तर झाकलंत त्याचं. बोलणं तरी त्याचं राहू द्या."

वेंकटरावांनी घसा खाकरला. गच्ची सांगितली, सांबारभात सांगितला, हातावरचा घास सांगितला. श्रीविद्याचं पेन थांबलं.

"पूर्वी ठेवायचे, की अजून ठेवतात, सार?"

ते त्या कानांकडे बघत राहिले.

"अजून," वेंकटराव म्हणाले. "एक जास्तीचा."