शिंप्याच्या दाराचा शोध

रविवारची सकाळ. भाच्याचा फोन एकदा वाजला, दोनदा वाजला, मग थांबेचना.

"काय रे, कुठे आग लागलीय का?" आत्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही गं. लोकेशन मागतायत सगळे," मान वर न करता भाचा म्हणाला.

लोकेशन! हा शब्द ऐकला की आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकतीस वर्षं तिने या शहरात दारोदार पायी टपाल वाटलं होतं. कुठल्या घराची कडी बिघडली आहे, कुठल्या जिन्याची तिसरी पायरी हलते, सगळं तिला तोंडपाठ. आणि आता लोकांना दोन गल्ल्यांपलीकडचं दुकानसुद्धा फोनला विचारल्याशिवाय सापडेना! म्हणून तर तिने सहा महिने वाचनालयाच्या मागे लागून आजचा हा चित्रांचा शोध ठरवला होता. वस्तीतल्या चोवीस जणांनी पोस्टकार्डाएवढ्या लाकडी फळ्यांवर चित्रं रंगवली. त्यात एक नर्स होती, एक बसड्रायव्हर होता. प्रत्येक फळीच्या ठिकाणाची कोडी लिहिली आत्याने. तिचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून फळ्या लपवायला वाचनालयाचे स्वयंसेवक गेले. पण घर क्रमांक, जिना, कोपरा, सगळं तिनेच घरबसल्या लिहून दिलं. नियम दोनच होते. चालत शोधायचं, आणि एका घराने एकच फळी घ्यायची.

बारा वाजता भाचा घामाचा थेंबही न गाळता परत आला आणि त्याने टेबलावर सात फळ्या मांडल्या.

"सात! आहेस कुठे, आत्या! आख्ख्या इमारतीत आपला पहिला नंबर!"

"सात कशा आणल्यास?"

"एका स्वयंसेवकाच्या मेव्हण्याने यादी फोडली ना. ग्रुपवर सगळी ठिकाणं आली. गाडी काढली, की झालं."

"ही कुठे मिळाली?" आत्याने निळ्या दाराचं चित्र उचललं.

"ती... एका वळणावर. गाडीतूनच हात घालून घेतली."

"शाबास! आणि आजूबाजूला काय होतं?"

"पार्किंग नव्हतं."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंचा फोन. "अहो, सगळीकडे गोंधळ चाललाय. बरेच जण रिकाम्या हातांनी परत आलेत, भांडतायत. समिती म्हणते, एक वाजता बंद करू. आणि पुन्हा या भानगडीत पडायचं नाही."

सहा महिन्यांच्या खटपटीवर पाणी! आणि त्यात घरचाच माणूस सामील! आत्याला रडू आणि राग एकदमच आले.

"बूट घाल," ती भाच्याला म्हणाली. "सातही फळ्या जिथल्या तिथे ठेवायच्या. चालत! या शहरात राहता, का या फोनमध्ये राहता रे तुम्ही? डोळे काय शोभेला दिलेत?"

भाचा बूट घालून निघाला. पहिलं ठिकाण, निळ्या दाराच्या फळीचं, दहा मिनिटांवर होतं. कोडं आत्याला पाठच होतं: 'जिथे माणसाच्या मापाने कापड कापतात, त्या दारापासून सात पावलं.' इतकं सोपं! शेंबडं पोर सांगेल, शिंप्याचं दुकान.

ती वळणावर आली आणि थबकली. शिंप्याच्या दुकानाच्या जागी काचेचा दरवाजा होता आणि आत माणसं जागच्या जागी पळत होती.

"तुम्हीपण शिंपीच शोधताय का?" फुटपाथवर बसलेल्या किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "सकाळपासून चाळीस जणांनी विचारलं. शिंपी जाऊन सहा वर्षं झाली, बाई. व्यायामशाळा आहे ती."

"म्हणजे लोक चालत आले होते?"

"तर! एक आजोबा तर दोनदा आले. पोरंबाळं घेऊन आले, उन्हात तासभर फिरले. दमले, चिडले, आणि मग कुणीतरी फोनवर यादी टाकली. आळशी नव्हते हो लोक. कोडं लिहिणारा कोण शहाणा आहे, तो इकडे फिरकला तरी होता का कधी?"

भाचा आत्याकडे बघेना. ती शेवटची इथे आली होती निवृत्तीच्या दिवशी. आठ वर्षांपूर्वी! त्यानंतर दवाखाना, बँक, सगळीकडे ती भाच्याच्याच गाडीतून जात होती, डोळे मिटून.

"तो शहाणा मीच!" आत्या म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. "अरे देवा! आणि मी सकाळपासून जगाला नावं ठेवतेय!"

किल्लीवाला ओशाळला. "तसं नाही, बाई..."

"तसंच आहे. तुम्ही बरोबर बोललात."

तिने तिथूनच ग्रंथपाल बाईंना फोन लावला. "कोडी चुकलीत. चूक माझी, लोकांची नाही. हे तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. आणि मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या." बाई म्हणाल्या, "पाच. त्यापुढे एक मिनिट नाही."

आत्याने किल्लीवाल्यालाच विचारलं, "तुम्ही रोज बसता. इथे बघण्यासारखं काय आहे?" त्याने वर बोट दाखवलं. काचेच्या दरवाजावरच्या जुन्या खिडकीत कुणीतरी फुटक्या बरणीत पिवळी फुलं लावली होती. भाचा याच वळणावरून रोज कामाला जायचा. "ही कधीपासून आहेत?" त्याने विचारलं, आणि नवं कोडं त्यानेच लिहिलं.

प्रत्येक ठिकाणी हेच. तिथल्या माणसाला विचारायचं, बघायचं, लिहायचं, नवं कोडं ग्रंथपाल बाईंना कळवायचं, फळी ठेवायची. पाचव्या ठिकाणी आत्याचे गुडघे संपावर गेले. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "जा, गाडी आण बाबा."

"दोनच गल्ल्या राहिल्यात," भाच्याने हात पुढे केला. "हळूहळू जाऊ. गाडीतून काही दिसत नाही, आत्या."

मंडळी, आपलं शहर आपल्याला पाठ आहे, असं आपण सगळेच छातीठोकपणे सांगतो. कुणी फोनच्या भरवशावर, कुणी जुन्या आठवणींच्या. दोघंही घरात बसूनच! शहर रोज बदलतं, आणि जो त्याच्या रस्त्यावर बसतो, राबतो, त्याला ते माहीत असतं. म्हणून दुसऱ्याला आंधळा म्हणण्याआधी आपण स्वतः शेवटचे कधी चाललो, ते आठवा. आठवत नसेल, तर उठा!