हिरवा सांगितला होता

बॅटरी

पिंकीचा फोन वराळे ते सुदुंबरे एवढ्यातच मान टाकायचा. कंपनीच्या बसमध्ये चढताना भरलेला, गेटवर उतरताना अर्धमेला. गेटवरचा सिक्युरिटीवाला कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवायचा, सुट्टी झाली की ती तो नखानं खरवडून काढायची, आणि काचेवर रोजचा थोडा डिंक शिल्लक राहायचा. तिच्या फोटोतली सगळी माणसं धुक्यात उभी असल्यासारखी दिसायची. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ होती. ती रेघ पिंकीनं पाडलेली नव्हती. फोन तिच्याकडे आला तोच रेघेसकट.

कारण तो आधी दादाचा होता. त्याच्या आधीचाही दादाचा. त्याच्याही आधीचा...

थांबा. हे एकदा नीट सांगून टाकलं पाहिजे.

उतरंड

भिमाजी आबांच्या, म्हणजे पिंकीच्या वडिलांच्या, घरात नवा फोन यायचा तो माऊलीसाठी. माऊली म्हणजे पिंकीचा थोरला भाऊ. त्याचा जुना झाला की पिंकीला. पिंकीचा आईला, म्हणजे नंदाबाईला. आईचा आबांना. आणि आबांचा गोठ्यात. गोठ्यात तो खिळ्याला टांगलेला असायचा, चार्जर कायमचा खुपसलेला, आणि त्याच्यावर डॉलरला गाणी लावलेली. डॉलर हा माऊलीचा शर्यतीचा बैल. गाणी ऐकली की तो निवांत रवंथ करतो, असं माऊलीचं म्हणणं.

माऊलीच्या खाली आणि डॉलरच्या वर, अशी पिंकीची जागा.

हा नियम कुणी केला नव्हता. म्हणून तो कुणाकडे जाऊन मोडून घेण्याचीही सोय नव्हती.

माऊली खोका उघडायचा तेव्हा सगळं घर भोवती बसायचं. फोनच्या काचेवरची पातळ फिल्म तो कोपऱ्यात चिमटीत धरायचा आणि सावकाश, चर्र आवाज करत ओढायचा. पिंकी दहावीत असताना म्हणाली होती, "दादा, मी काढू?"

"आगं, चरा पडल."

प्लास्टिक ओढून काचेला चरा! ते वाक्य ती अजून विसरली नव्हती. ती दहावी झाली, डिप्लोमा झाली, कंपनीत कायम झाली, पण फिल्म काढायला तिच्या हाताला मिळाली नव्हती.

येणार, येणार

तो नवा फोन अजून बाजारात आलाच नव्हता. नुसती वार्ता होती. कुठल्या तरी देशात कुणीतरी कुठल्या तरी कारखान्यातून त्याचा फोटो फोडला होता, आणि बसमध्ये खिडकीला डोकं टेकून पिंकी तो फोटो बघत होती, हिरव्या रेघेच्या डावीकडे अर्धा आणि उजवीकडे अर्धा. मग दुसरा फोटो. मग एक माणूस लाकडाचा नमुना हातात धरून सांगणारा, की असा असेल, एवढा जाड असेल. ती लाकडाच्या फोनवरही खूश होती. मग रंग फुटले. काळा, पांढरा, आणि एक हिरवा. घाटात ओल्या कातळावर शेवाळ असतं तसला गडद.

तिनं ठरवून टाकलं. तळेगाव स्टेशनला शार्दूलच्या दुकानात जाऊन नाव लावलं, थोडे पैसे भरले, बाकीचे हप्त्यावर. शार्दूल तिच्याच वर्गातला. तो म्हणाला, "पहिल्या लॉटमध्ये मोजकेच पीस येणार आहेत. कुठला?"

"हिरवा."

"पक्का?"

"हिरवा म्हणलं ना."

कशाला

घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आईचा. "तुला कशाला गं येवढा?"

आबा म्हणाले, "व्हय, कशाला?"

माऊली ताटातली भाकरी मोडत राहिला.

माऊलीला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. आणि विचारला असता तरी त्याच्याकडे उत्तर तयार होतं. शर्यतीच्या घाटात डॉलरची बारी, म्हणजे त्याची धाव, सुटली की ती सेकंदात संपते. ती संथ करून बघायची, बैलाचं पाऊल कुठं चुकतंय ते बघायचं. त्यासाठी कॅमेरा भारी पाहिजे. बैलाला कारण होतं. पिंकीनं काय सांगायचं? फिल्म काढायचीय म्हणून? माझ्या आधी कुणाचा घाम त्याला लागलेला नको म्हणून? दुसऱ्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेली बटणं दाबून मला वीट आलाय म्हणून?

"मला पायजे म्हणून," ती म्हणाली.

"आसं काय कारन आसतंय व्हय?" आई हसली.

तेव्हापासून पिंकीचा राग चढायला लागला, दुधासारखा, आणि खाली जाळ कुणी कमी करेना.

आवस

विक्री सुरू होणार ती नेमकी अमावस्येला. आबांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"आवसंला नवी वस्तू घरात न्हाई येनार."

"आबा, त्या दिवशी नाही उचलला तर पीस दुसऱ्याला जातो. शार्दूल थांबत न्हाई कुणासाठी."

आबांनी विचार केला. आबांचा विचार म्हणजे पान लावणं. चुना, कात, सुपारी. पान तोंडात गेलं आणि तोडगा बाहेर आला. जुने फोन आधीच, गुरुवारी, चांगला दिवस बघून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे. मग जागा रिकामी होते. रिकाम्या जागेत आली ती वस्तू नवी धरत नाहीत, ती भर असते. भरीला अवस बाधत नाही.

यावर कुणी हसलं नाही. पिंकीसुद्धा नाही. घाईत तिला तो तोडगा बरा वाटला, आणि तिचं चुकलं ते तिथं.

गुरुवारी सकाळी देवापुढं फोन मांडले. आबांनी ओलं कुंकू लावलं, हिरव्या रेघेवरच एक ठिपका बसला. पिंकीचा फोन आईला गेला. आईचा आबांना. आबांचा गोठ्यात. पिंकीचं सिमकार्ड कागदात गुंडाळून आईनं तिच्या हातावर ठेवलं, मुलीच्या हातावर प्रसाद ठेवावा तसं. नव्या फोनात घालायला.

मग दिवसच्या दिवस पिंकी बिनफोनाची. बसमध्ये खिडकीबाहेर बघायचं. कंपनीत गेटवरचा विचारायचा, "ताई, फोन?" ती म्हणायची, "न्हाई." तो विश्वास न ठेवता पिशवी तपासायचा.

कव्हर

एक बारीक गोष्ट मध्येच. त्याच दिवसांत माऊलीनं आपल्या फोनला नवं कव्हर आणलं. गुलाबी. फुलाफुलांचं.

"दादा, हे काय रं? डॉलरला आवडलं का?"

"गप ए."

ती हसली. मनापासून, अगदी खोकला येईपर्यंत हसली. हे हसणं तिला पुढं फार महागात पडलं, कारण ते आठवून तिला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा दुसऱ्या कशाचा आला नाही.

रंग

विक्रीच्या आदल्या दिवशी माऊली स्वतःहून म्हणाला, "चल, हप्त्याचं काम करून येऊ. माझी गाडी हाय." पिंकीला बरं वाटलं. वाटेत त्यानं उसाचा रसही पाजला.

दुकानात शार्दूल होता. बाजूच्या छोट्या टेबलावर फायनान्सवाली श्रद्धा, समोर टॅब्लेट. पिंकीनं आधार कार्ड दिलं, पगाराची स्लिप दिली. शार्दूल खोके रचत म्हणाला, "उद्या दहाला या. तुमचा काळा सगळ्यात वर ठेवतो."

"हिरवा," पिंकी म्हणाली.

"आता काळा आहे ना. दादा येऊन बदलून गेले. नाव पण त्यांचंच घातलंय."

ती वळली. माऊली चार्जरच्या वायरी बघत होता. इतक्या मन लावून त्यानं आयुष्यात वायर बघितली नव्हती.

"दादा?"

"आगं हिरवा लय भडक दिसतोय."

"नाव कुणाचं?"

"घरातलंच हाय की. तुजं काय, माजं काय. ह्यो माजा तुला. वर्स बी झालं न्हाई त्याला, नवाच हाय. तुज्यासाठी कव्हर बी घेतलं."

फुलाफुलांचं.

"म्हंजी हप्ते मी भरायचे."

"स्लिप तुजी हाय ना. माजी आसती तर तुला तरास दिला आसता का?"

"आबांना म्हाईत हाय?"

"समद्यांना म्हाईत हाय."

"आईला?"

माऊली वैतागला. चोर सापडल्यावर वैतागतो तसा. "आईच म्हनली, दुकानात गेल्यावर सांग. घरात तमाशा नको. चार मानसांत ती काय बोलनार न्हाई, म्हनली."

आई तिला ओळखत होती. खरंच, चार माणसांत ती कधी बोलली नव्हती. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक म्हातारे गृहस्थ रिचार्ज करायला आलेले, आणि भिंतीवर एक मोठा कागद, त्यावर तो फोन, हिरवा, खाली मोठ्या अक्षरात उद्याची तारीख. पिंकीच्या जिभेवर जे आलं ते तिनं दातांमागं धरलं. तिला ओरडायचं होतं. काउंटरची काच फोडायची होती. ती खुर्चीवर नीट बसली.

समोरचा कॅमेरा

"ताई, आता फक्त फोटो," श्रद्धा म्हणाली. तिनं टॅब्लेट उभा धरला. "चेहरा गोलात ठेवा."

पिंकीनं ठेवला.

"थोडं जवळ. हां. आता डोळे मिचकावा."

कर्ज घेणारं माणूस जिवंत आहे, फोटोचा फोटो नाही, हे यंत्राला असं कळतं. पापणी एकदा खाली, एकदा वर. पुढचं सगळं आपोआप होतं. सही नको, काही नको.

पिंकीनं पापणी पाडली नाही.

टॅब्लेटनं लाल गोल दाखवला. पुन्हा प्रयत्न करा.

"ताई, डोळे. उघडझाप करा."

"करते की," पिंकी म्हणाली आणि बघत राहिली. गोलात तिचा चेहरा होता. स्वच्छ. रेघ नाही, डिंक नाही. आपण रागात अशा दिसतो हे तिला माहीत नव्हतं.

पुन्हा लाल.

माऊली पुढं झाला. "आगं पापनी पाड की!"

"पडंना."

"पडंना म्हंजी?"

"पडंना म्हंजी पडंना. तुज्या बैलाला बसव हितं."

रिचार्जवाले म्हातारे हसले. माऊलीचे कान लाल झाले. "पिंके, मानसं बघत्यात."

"बघू दे. मी बी बघतीया."

डोळे चुरचुरायला लागले. कडेला पाणी जमलं. पंख्याचा वारा सरळ बुबुळावर येत होता. माऊलीचा आवाज एकदम मऊ झाला. "रडू नगं. रडू नगं, मी तुला काय फुकटचं..."

"रडतंय कोन?"

ती रडत नव्हती. पाणी गालावर आलं, हनुवटीवर आलं, टेबलावर पडलं, आणि पापण्या तशाच ताठ, दाराला लावलेल्या अडसरासारख्या. श्रद्धानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माऊलीकडे. तिला कळलं. तिनं टॅब्लेट जरासाही हलवला नाही. "पुन्हा ट्राय करते," ती म्हणाली, आणि तिनं केला. लाल. मग पडद्यावर ओळ आली.

"लॉक झालं," श्रद्धा म्हणाली. "आज आता घेणार नाही."

"उद्या?" माऊली.

"उद्या दुपारनंतर उघडेल."

शार्दूलनं मान हलवली. "दादा, दहाला पैसे क्लिअर नसतील तर मी पुढच्याला देणार. माझ्याकडं लाइन आहे."

माऊली पिंकीवर ओरडला. खूप ओरडला. शेण खाल्लंस म्हणाला, घराची अब्रू घालवलीस म्हणाला, डॉलरची लोणावळ्याजवळची बारी तोंडावर आली आणि तू... त्यातलं अर्धं तिनं ऐकलं. तिनं आधार कार्ड उचललं, स्लिप उचलली, आणि शार्दूलला म्हणाली, "माजे भरलेले पैसे माज्या खात्यात टाक. ह्याच्या न्हाई."

बाहेर येऊन ती गाडीवर बसली नाही. वराळ्याची सीट भरणाऱ्या रिक्षात जाऊन बसली, आणि तिथं तिनं डोळे मिटले. मिटले, उघडले, मिटले, उघडले. समोरची बाई म्हणाली, "धूळ गेली का गं?"

"व्हय, मावशी."

उतरंड, खालून वर

आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. कमरेला खोचलेला फोन, कुंकवाचा ठिपका वाळून तपकिरी झालेला.

"झालं का काम?"

पिंकीनं हात पुढं केला. "माजा फोन दे."

"नवा...?"

"न्हाई आला. माजा दे."

"आगं पर त्यो आता मला..."

"दुकानात सांग म्हनालीस."

आईनं सूप खाली ठेवलं. "त्याचं ऐकावं लागतं, बाई," ती हळूच म्हणाली. "मी बी ऐकलं. माज्या भावाचं."

"मंग तुला कळायला पायजे हुतं."

हे जरा जास्तच झालं, हे पिंकीला बोलता बोलता कळलं. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही आणि हातही. आईनं कमरेचा फोन काढून त्या हातावर ठेवला.

"मंग मी काय वापरू?"

"तुजा. आबांकडं हाय."

आई उठली, पदराला हात पुसत आत गेली. आतून आबांचा आवाज आला, "आता ह्ये काय नवीन? आवस लागली संध्याकाळी, आता दिवान-घेवान न्हाई करायचं!" मग आईचा आवाज, पिंकीनं कधी न ऐकलेला, चिरका, "न्हाई म्हंजी? माजा हाय त्यो. द्या हिकडं!" थोड्या वेळानं आबा पायात चपला सरकवत गोठ्याकडे निघाले. खिळ्यावरचा फोन काढताना गाणं मध्येच तुटलं आणि डॉलरनं मान वर केली.

माऊली आला तेव्हा ओट्यावर पिंकी फोन मागून पुसत होती. डिंक नखानं खरवडत होती, एकेक कण. त्यानं गाडी लावली. खिशातून स्वतःचा फोन काढला, गुलाबी फुलं वर, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "माजं जुनं कव्हर कुटं टाकलं?"

"मी न्हाई टाकलं," पिंकी म्हणाली. "तूच टाकलंस."