शोभाताईंचं लॉगिन

“एका पाटावर दोन नावं बसवू नको गो. देव गोंधलतो.”

चंद्रावती आत्याचा हा आवाज माझ्या कानावर पडला तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. आत्या धवलारीण होती. लग्नाच्या मांडवात बसून धवले गायची आणि देवांना, पितरांना, जित्या माणसांना नावानिशी बोलवायची. आधी गावदेवी, मग कूळ, मग घर, मग घरातलं माणूस. एका फांदीवरून दुसरीवर उतरावं तसा तिचा आवाज उतरायचा, आणि ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी तांदळाची एक चिमूट वेगळी पडायची. मी कंटाळून दोन चिमटी एकावर एक टाकल्या, तर तिने गाणं थांबवलं, ते तांदूळ माझ्याच हाताने वेगळे करायला लावले आणि मगच पुढचं नाव घेतलं.

आता मी पनवेलमधल्या ऑफिसांमध्ये सर्व्हर बसवते. काम बरंचसं आत्याचंच. सगळ्यांच्या फाइली एका ठिकाणी ठेवायच्या आणि दारावर एक डिरेक्टरी बसवायची, म्हणजे नावांचं झाड. वर ऑफिस, खाली विभाग, त्याखाली माणूस. माणसाने आपलं नाव सांगायचं, आपला पासवर्ड द्यायचा, झाडात त्याचं नाव सापडलं की दार उघडतं, तेही त्याच्यापुरतं. कोणी काय उघडलं, काय बदललं, काय पुसलं, हे सर्व्हर स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. त्या वहीला आमच्यात लॉग म्हणतात.

उदयसिंह सरांचं ऑफिस टपाल नाक्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. जमिनी मोजून नकाशे करून देणारं खाजगी ऑफिस. नेऱ्याची शेतं, चिरनेरच्या वाड्या, करंजाडेचे प्लॉट, सगळ्यांच्या मोजण्या एका जुन्या मशीनमध्ये साठलेल्या. हे मशीन ठेवलं होतं संडासाच्या दाराशी, पाण्याच्या टाकीखाली. नवा सर्व्हर बसवायच्या दिवशी मी त्याचं झाकण काढलं आणि तोंडाला ओढणी लावली. आत ओल्या धुळीचा गोळा, त्यात केस, पालीच्या लेंड्या, पंख्यात चिरडून वाळलेली झुरळं. बाजूच्या पत्र्यावर कोणीतरी गुटख्याची बोटं पुसलेली. बोटं कोणाची, ते विचारायची सोय नव्हती. त्या ऑफिसात कुठलीच गोष्ट कोणी केलेली नसायची.

पण झाकण हातात धरून मी थांबले ती या घाणीने नाही. झाकणावर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी होती. गोल, नीटस अक्षर. वर ‘शोभा’, खाली पासवर्ड, तोही शोभा, पुढे एक दोन तीन.

शोभाताई नऊ वर्षं या ऑफिसात होत्या. टायपिंग, फाइली, चहापाणी, फोन, सगळं बघायच्या. नेऱ्याहून पहिली रिक्षा पकडून साडेआठला दार उघडायच्या, उदबत्ती लावायच्या, आणि मग एकेका टेबलापाशी जाऊन प्रत्येकाचं मशीन स्वतःच्या नावाने उघडून ठेवायच्या. येणाऱ्याला खोळंबा नको. पाहुणा येण्याआधी घरच्या बाईने पाण्याचा तांब्या भरून ठेवावा, तसं. सरांच्या केबिनचं मशीन मात्र सर स्वतः उघडत, कारण केबिनची किल्ली फक्त सरांच्या खिशात. नाव तिथेही शोभाचंच टाकायचे. दुसरं नाव घ्यायची कोणाला गरजच पडली नाही. सर्व्हरच्या वहीत नऊ वर्षं एकच माणूस राबत होतं. मोजण्या शोभाने भरल्या, नकाशे शोभाने काढले. सुनेच्या बाळंतपणाला शोभाताई पंधरा दिवस घरी होत्या, तेव्हाही शोभा रोज कामावर होती.

जूनमध्ये नेऱ्याच्या तुळशीराम पाटलांच्या शेताची मोजणी गायब झाली. आख्खं फोल्डर. ताहेरभाईंनी बारा दिवस उन्हात फिरून घेतलेली मापं. भाऊबंदांत वाद, दोन्ही बाजू दारात उभ्या. सरांनी मला बोलावलं. “कुणी पुसलंय ते शोध.”

मी लॉग उघडला. ओळ सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आधी तारीख आणि वेळ, मग नाव, मग मशीनचा नंबर. नाव शोभा. नंबर अकरा. सर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे होते, त्यांच्या तोंडाचा वेलचीचा वास माझ्या मानेवर येत होता.

“काय नाव दिसतंय?”

नंबर मीच दिले होते. अकरा म्हणजे केबिन.

“शोभा,” मी म्हणाले.

“बस. एवढंच हवं होतं.”

या ऑफिसातली मशीनं सांभाळायचं माझं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या आठवड्यात परत सहीला जायचं होतं. त्यांनी नाव विचारलं, मी नाव सांगितलं, यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. चार महिने रोज समजावलं. समजूत शिळ्या तेलासारखी घशाशी यायची.

शोभाताईंना त्याच दुपारी काढलं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “मी नाय केलं वो, सर.” डबा, चपला आणि उरलेला उदबत्तीचा पुडा घेऊन त्या जिना उतरल्या. ताहेरभाईंनी मान वर केली नाही. बारा दिवस त्यांचे गेले होते. मीसुद्धा वर बघितलं नाही. याच बाईने मला कितीदा हाताला धरून जेवायला बसवलं होतं. “तारांमधी बसतेस गो दिवसभर, तोंड बग केवरंसं झालंय,” म्हणत तांदळाची भाकर आणि सुकट पुढे केली होती.

आता एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती की ऑफिसात प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड पाहिजे, नाहीतर काम मिळणार नाही. म्हणून हा नवा सर्व्हर, म्हणून हे नावांचं झाड. मी ते मन लावून केलं. मोजणीची फांदी, तिच्यावर ताहेर. नकाशांची फांदी, तिच्यावर कल्पेश. बाहेरच्या टेबलावरची मिताली. वर सर. प्रत्येकाला एक चिमूट, वेगळी. मग जुन्या फाइली नव्या घरी आणायला घेतल्या. एक्केचाळीस हजार फाइली, आणि प्रत्येकीच्या मालकाच्या जागी एकच नाव. झाडात तिची फांदी नव्हती.

गुरुवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या नावाने दार उघडून बघायचं ठरलं. त्याच सकाळी शोभाताई आल्या. अनुभवाचा दाखला मागायला. करंजाडेच्या एका ऑफिसात त्यांचं काम जवळजवळ ठरलं होतं, दाखला आणा म्हणाले होते. ही त्यांची तिसरी खेप. सरांनी केबिनच्या काचेतून हाताने ‘बसा’ अशी खूण केली आणि फोनवर बोलत राहिले. त्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात.

“मॅडम, माझा पासवर्ड घेत नाय,” कल्पेशने सुरू केलं.

“सकाळीच तर ठेवलास.”

“सकाळची गोष्ट सकाळी.”

“मॅडम, याला बायकोचा वाढदिवस याद राहत नाही,” ताहेरभाई चष्मा पुसत म्हणाले, “तुमचा पासवर्ड काय खाक राहणार.”

“तुम्ही गप्प बसा, चाचा. तुम्ही तर हातावर लिहिलाय.”

ताहेरभाईंनी हात पालथा केला. मिताली हसली. तोवर कल्पेशने आपलं नाव सोडून जुनं नाव टाकून बघितलं होतं, आणि दार उघडलं नव्हतं.

“अरे, शोभा लागत नाय माझ्याकडे.”

“माझ्याकडेपण नाही,” मिताली म्हणाली.

“बंद कर शोभाला,” कल्पेश म्हणाला. “परत चालू कर. अशीच करते ती, गरम झाली की.”

हसू फुटलं. मी बाकाकडे बघितलं. शोभाताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्या तिथे बसल्यात हे कल्पेशच्या उशिरा लक्षात आलं. थोडं तोंड पडावं, तर तेही नाही.

“ताई, तुम्हाला नाय हां. मशीनला बोलतोय.”

“बोल बाबा,” त्या म्हणाल्या. “नव वरसं बोलतंच होतास. आज मी आयकली, एवरंच.”

कल्पेशने खुर्ची फिरवली. मला त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूची किळस आली. कीबोर्डच्या फटींत बसलेल्या फरसाणाची, भिंतीला टेकून टेकून पडलेल्या डोक्याच्या तेलाच्या डागांची, आमच्या सगळ्यांच्या तोंडाची. माझ्या तोंडाची तर सगळ्यात आधी.

सर बाहेर आले. खुशीत होते. माझ्या स्क्रीनवरचं झाड त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं.

“वा, पूर्वी,” ते मला म्हणाले. “हे गिऱ्हाइकाला दाखवायला एकदम छान. ठेव असंच. पण रोजच्या कामाला एक कॉमन नाव करून दे. हे प्रत्येकाचं वेगळं म्हणजे दिवसभर हाच तमाशा.”

“सर, त्यासाठीच तर हे केलं. कोणी काय केलं ते कळावं म्हणून.”

“कळेल गं. पाहिजे तेव्हा कळेल. तू असं कर, शोभा तशीच राहू दे. सगळ्यांना सवय आहे.”

“त्या आता इथे काम करत नाहीत, सर.”

“म्हणूनच तर सांगतोय,” सर हसले. “कुणालाच त्रास नाही.”

हे ते हळू बोलले नाहीत. बाक चार पावलांवर होता. गटाराचं झाकण भर रस्त्यात उघडून कोणी निवांत उभं राहावं, तसे ते उभे होते. वेलचीचा वास तोच होता.

शोभाताई उठल्या. “सर, माजा दाखला.”

“हो, दाखला. दाखला द्यायला माझी ना नाही, शोभाताई. पण त्यात काढलं का ते लिहावं लागेल. खोटं कसं लिहू मी?”

“कारण नका लिवू. नव वरसं काम केली, तेवरंच लिवा.”

“आणि उद्या त्यांच्याकडे काही पुसलं गेलं तर मला विचारतील ना ते.”

“मी पुसली नाय, सर. तवाबी सांगितलं, आताबी सांगते. मला ते पुसायचं कसं तेबी ठावं नाय. मी निसती मशीनं उघरून देची.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “काल त्या करंजाड्याच्या बाईंचा फोन आलता. इचारत होती, तुमच्यावर कायतरी आळ हाय म्हनं. इथूनच कुनीतरी सांगितलंय. सूनबाईच्या म्होरं फोन घेतला मी. सर, माजं नाव तुमाला वापरायला चालतंय, आन कागदावर लिवायला चालत नाय?”

मिताली कागद चाळू लागली. ताहेरभाई चष्मा हातातच धरून बसले होते.

“ताई,” ते म्हणाले, “बारा दिवस होते माझे. तुम्ही गलतीने केलं असेल, इन्सान आहे. पण कबूल तरी करायचं.”

“न केलेलं कसं कबूल करू, ताहेरभाई?”

सरांनी दोन्ही तळवे वर केले. भांडणात मधे पडणाऱ्या थोर माणसासारखे. “हे बघा, माझ्या मनात काही नाही. मी कॉम्प्युटरमधलं जाणत नाही. जी जाणते ती ही समोर बसली आहे, बाहेरची आहे, हिला कुणाशी घेणंदेणं नाही. हिने स्वतः बघितलंय. पूर्वी, सांग यांना. नाव कुणाचं होतं?”

शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, की त्यांचं नाव मी सांगितलं का. “व्हय गो?” त्या म्हणाल्या. “तू बगितलंस?”

जुना लॉग मी नव्या सर्व्हरवर आणलेला होता. तो उघडायचीही गरज नव्हती. ती ओळ मला चार महिने पाठ होती. माझे हात कीबोर्डवर होते आणि बोटांना त्याचा चिकटपणा लागत होता. मी ते उचलले, ओढणीला पुसले आणि उठून उभी राहिले.

“बारा जून,” मी म्हणाले. “दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. नाव शोभाताईंचं होतं. मशीन अकरा नंबरचं. अकरा नंबर तुमच्या केबिनमध्ये आहे, सर, आणि केबिनची किल्ली तुमच्याकडे असते. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी तुम्हाला नुसतं नाव सांगितलं.”